शाळा तीच असताना सीमाभागातल्या मुलींचं शिक्षण बाहेरच्या बदलांमुळे सुधारतं का?

हो, आणि माझ्या मते बहुतेक फरक बाहेरूनच येतो.

खानापूर तालुक्यातल्या जंगलाकडच्या गावांतून दहावीनंतर शिकायचं तर खानापूर नाहीतर बेळगाव गाठावं लागतं. पासाचे पैसे एकाचेच असले की ते मुलाला मिळायचे. 11 जून 2023 ला कर्नाटकात 'शक्ती' योजना आली. सरकारी साध्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही, म्हणून तो वादच मिटला. (बस भरलेली म्हणून थांब्यावर थांबत नाही, ही रड वेगळी.)

निपाणीकडे प्रश्न वेळेचा. आई घरी विड्या वळत असेल तर शाळेतून आलेली पोरगी दप्तर टाकून सूप मांडीवर घेते. मजुरी हजार विड्यांवर मिळते, त्यामुळे तिचे हात घराला हवेच असतात. अशा घरात बस फुकट झाली म्हणून मार्क वाढत नाहीत. आईची मजुरी वाढली तर वाढतील.

लग्नाचं म्हणाल, तर कर्नाटकात बालविवाह 2017 पासून कायद्यानं मुळातच रद्दबातल आहे. पण कायद्याइतकंच काम 'सून शिकलेली हवी' या मुलाकडच्यांच्या अटीनं केलंय. कारण फार उदात्त नाही, पण त्यामुळे पोरगी पदवीपर्यंत तरी टिकते.