मांजराला वर्षभरापासून स्टेरॉईडची गोळी सुरू आहे, ती बंद कशी करायची?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहता, चार किलोची मांजर आहे. अंग खाजवून तिने मानेवर-पाठीवर जखमा करून घेतल्या म्हणून ढोरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन 5 मिलिग्रॅमची रोज एक गोळी लिहून दिली. पुढे डॉक्टरांची बदली झाली, गोळी मात्र वर्षभर सुरूच राहिली. आता ती पाणी फार पिते, पोट सुटलंय, आणि दीर म्हणतात, "स्टेरॉईड हाय ते, आजच फेकून दे."

फेकू नका. उद्याची गोळी उद्या नेहमीच्या वेळेला द्याच. दिरांचं म्हणणं निम्मं खरं आहे. वर्षभर रोज गोळी चालू ठेवण्यासारखी गोष्ट नाही ही. पण एकदम बंद करणं हे चालू ठेवण्यापेक्षाही धोक्याचं आहे.

मी पशुवैद्य नाही. तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे, आणि घरच्या दमेकरी बोक्याची हीच गोळी आम्ही कमी करत आणली आहे. त्यामुळे गोळीची बाजू मला पक्की माहीत, मांजराची बाजू डॉक्टरांना विचारून विचारून शिकलेली. खालचं सगळं डॉक्टरांसमोर ठेवण्यासाठी आहे, त्यांच्याऐवजी वापरण्यासाठी नाही.

आधी एकदम बंद का नाही ते. मूत्रपिंडांजवळ ॲड्रिनल नावाच्या दोन लहान ग्रंथी असतात. त्या रोज कॉर्टिसोल तयार करतात. भूक, रक्तदाब, साखर, ताप-जखमेचा ताण, सगळं त्याच्या जिवावर चालतं. किती तयार करायचं हा निरोप मेंदूतल्या पिट्युटरीकडून येतो. बाहेरून रोज गोळी आली की निरोप थांबतो, आणि काम नसलेली ग्रंथी आक्रसते. कॅनॉलचं पाणी रोज येत असलं की विहिरीचा गाळ कोणी काढत नाही, तसंच. कॅनॉल एका रात्रीत बंद झाला तर विहीर दुसऱ्या दिवशी भरत नाही. दहा-बारा दिवसच गोळी दिली असेल तर सहसा फारसं अडत नाही. वर्षभरानंतर ग्रंथी जागी व्हायला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात.

आता गोळ्यांची पट्टी हातात घ्या आणि मिलिग्रॅम वाचा. हे मी काउंटरवर रोज सांगतो. वायसोलोन, ओम्नाकॉर्टिल ही प्रेडनिसोलोनचीच नावं, पण 5, 10, 20 अशा वेगवेगळ्या ताकदीत येतात आणि पट्ट्या घाईत सारख्याच दिसतात. प्रेडनिसोलोन संपली म्हणून कोणी दुसरं स्टेरॉईड दिलं तर आकडे जुळत नाहीत. मिथाईलप्रेडनिसोलोनची 4 मिलिग्रॅम ही प्रेडनिसोलोनच्या 5 ला बरोबर बसते. बेटामेथासोनची गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची असते, ती पाहून लोकांना वाटतं हलकी आहे. प्रत्यक्षात तीही जवळपास चार मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीची, वर अंगात जास्त वेळ टिकते. आणि चिठ्ठीवर चुकून 'प्रेडनिसोन' आलं असेल तर विचारून घ्या, कारण मांजराच्या शरीरात त्याचं प्रेडनिसोलोन नीट होत नाही. कमी करत असताना ब्रँड आणि ताकद बदलू नका, एवढं पुरे.

वर्षभरात कधी "महिनाभर चालतं" असं सांगून एखादं इंजेक्शन दिलं होतं का, तेही आठवा. लांबणीचं स्टेरॉईड एकदा टोचलं की काढता येत नाही, त्याचा असर आठवडेच्या आठवडे राहतो. ते अलीकडेच दिलं असेल तर डॉक्टरांचा हिशेब बदलेल.

पाणी फार पिते म्हणालात. ते नुसतं गोळीमुळेही असू शकतं, पण मांजरांना स्टेरॉईडमुळे मधुमेह होतो हेही तितकंच खरं, म्हणून गोळी कमी करायच्या आधी साखर तपासा. एक दिवस घरात कोंडून, मोजून पाणी ठेवा. चार किलोच्या मांजराने दिवसात 200 मिलीहून जास्त पिणं म्हणजे नक्कीच जास्त. (मोकळी फिरणारी मांजर कोठ्यातल्या टाक्यातही तोंड घालते, म्हणून कोंडायचं.) रक्तातली साखर एकदाच पाहून निर्णय करू नका, मांजराची साखर घाबरल्यानेही चढते. लघवीत साखर आहे का ते बघणं जास्त कामाचं. मातीऐवजी रिकाम्या घमेल्यात धुतलेली बारीक गिट्टी ठेवली की खाली लघवी मिळते, आणि लघवीत पट्टी बुडवून करायची साखरेची तपासणी तालुक्याची कोणतीही लॅब करते. साखर निघाली तरी घाबरू नका, स्टेरॉईड सुटल्यावर कित्येक मांजरांचा मधुमेह ओसरतो. फक्त इन्सुलिन सुरू झालं तर गोळी जसजशी कमी होईल तसतशी इन्सुलिनची गरजही घटते, आणि जुनाच डोस चालू राहिला तर साखर धोकादायक खाली जाते. म्हणून ही दोन्ही कामं एकाच डॉक्टरच्या नजरेखाली हवीत.

यापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न हा की मांजर खाजवत का होती? गोळीने खाज दाबली, कारण तिथंच असेल. खेड्यात बहुतेक वेळा ते पिसवा असतात. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असली की मोजक्या पिसवाही मानेची सालटी काढायला लावतात. पिसवा घालवल्याशिवाय गोळी कमी केली तर खाज परत येणार, तुम्ही परत पूर्ण गोळीवर जाणार, आणि "हिला गोळीशिवाय जमतच नाही" असा शिक्का बसणार. आधी मांजरांसाठीचं फिप्रोनिल (पिसवा मारणारं औषध) डॉक्टरांना विचारून लावा, घरातलं अंथरूण-गोणपाट उन्हात टाका, घरातल्या बाकी जनावरांचंही बघा.

इथं एक गोष्ट जोर देऊन सांगतो. ढोरांच्या गोचिडांवर आपण जे फवारतो, बुटॉक्स वगैरे, त्यातलं डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन मांजराला विष आहे. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, तेही तसंच. "थोडंसं पाण्यात पातळ करून लावतो" असं म्हणणारे माझ्याकडे येतात आणि मी त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवतो. बैलावर फवारणी केली त्या दिवशी मांजर कोठ्यात झोपू देऊ नका. अंग थरथरायला लागलं, कान-पाय झटके द्यायला लागले तर तशीच दवाखान्यात न्या.

पिसवा गेल्या, जखमा भरल्या, दोन-तीन आठवडे अंग स्वच्छ राहिलं की मग गोळी. चार किलो वजन आणि रोज 5 मिलिग्रॅम धरून डॉक्टर साधारण असं काहीतरी सांगतात: दोन आठवडे रोज पाऊण गोळी, मग दोन आठवडे रोज अर्धी. तिथून अर्धी, पण एक दिवसाआड. असं दोन-तीन आठवडे. मग पाव, एक दिवसाआड, तितकेच दिवस. मग बंद. दिवसाआड देण्यामागचं कारण असं की मधल्या मोकळ्या दिवशी स्वतःच्या ग्रंथीला काम करावंच लागतं. ही रूपरेषा झाली, वेळापत्रक नाही. पुढच्या पायरीवर जायचं की नाही हे तारीख ठरवत नाही, आत्ताच्या पायरीवर मांजर कशी आहे ते ठरवतं. एखाद्या पायरीवर महिना गेला तरी काही बिघडत नाही.

पाव गोळी करणं हे वेगळंच काम. पांढऱ्या कागदावर ठेवून नव्या ब्लेडने रेघेवर एकदा दाबायचं. अर्ध्या सरळ होतात, पाव करताना एक तुकडा मोठा आणि एक भुगा होतो. म्हणून 2.5 मिलिग्रॅमची गोळी मागवून घ्या, तिची अर्धी म्हणजे तुमची पाव. तुकडे बाटलीत भरून ठेवू नका, आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल धरतात. गोळी कडू आहे, जिभेला लागली की मांजर फेस गाळते आणि घरातले लोक विष झालं म्हणून ओरडतात. तुकड्याला तुपाचं बोट लावा, जिभेच्या मागे ठेवा, आणि सुई काढलेल्या सिरिंजने दोन मिली पाणी गालातून सोडा. पोटात काहीतरी असताना द्या.

काय बघायचं? दोन गोष्टी वेगळ्या ओळखा. खाज परत आली, पण खाते-पिते, उडी मारते: म्हणजे आजार डोकावतोय. मागच्या पायरीवर जा, डॉक्टरांना कळवा, घाई नाही. पण जेवण टाकलं, उलट्या, गळून पडून राहते, कोपऱ्यात लपते, अंग गार लागतं: हे ग्रंथी कमी पडत असल्याचं लक्षण असू शकतं, आणि त्याला उद्यापर्यंत थांबायचं नसतं. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, "स्टेरॉईड कमी करतोय, वर्षभर चालू होतं." ते वाक्य सांगितलं नाही तर सलाईन लागेल, पण खरं औषध, म्हणजे स्टेरॉईडच, राहून जाईल. आणि पोट सुटलेली मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर यकृतात चरबी साचून वेगळाच जीवघेणा आजार सुरू होतो, म्हणून जेवण बंद झालेलं कधीच हलकं घेऊ नका.

या काळात मांजर जरा आंबल्यासारखी वाटली की घरातलं कोणीतरी तापाची गोळी काढतं. पॅरासिटामॉल मांजराला मारतं, अर्धी गोळीही. मेलॉक्सिकॅम हे दुखण्या-सुजेवरचं औषध ढोरांसाठी घरात असतं, ते स्टेरॉईडसोबत दिलं तर पोटात अल्सर होऊन रक्त जाऊ शकतं.

वेळही निवडा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर असताना, दिवाळीच्या फटाक्यांत, किंवा नसबंदीचं ऑपरेशन ठरलेलं असताना शेवटच्या पायऱ्या उतरू नका. ताण आला की शरीर जास्त कॉर्टिसोल मागतं आणि अर्धवट जागी झालेली ग्रंथी ते देऊ शकत नाही. गोळी पूर्ण सुटल्यावरही काही महिने ऑपरेशन, मोठी जखम, जोराचा ताप असलं काही झालं तर डॉक्टरांना हे सांगायचंच. ते तेवढ्यापुरतं स्टेरॉईड देतील. लसीच्या कार्डावर गोळीचं नाव आणि शेवटची तारीख लिहून ठेवा. डॉक्टर बदलतात, कार्ड राहतं.

दवाखान्याचं म्हणाल तर नव्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना आधी भेटा. ढोरांचा डॉक्टर मांजर काय बघणार, असं म्हणून टाळू नका, ॲड्रिनल बैलालाही असते. साखर निघाली किंवा गोळी कमी करताना कुठं अडलं तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था. जाताना रिकामी पट्टी आणि जुनी चिठ्ठी दोन्ही सोबत घ्या.

आणखी एक, म्हणजे आशा नेमकी किती ठेवायची ते कळेल. पिसवांच्या खाजेचं मांजर बहुधा पूर्ण सुटतं, कारण खरं कारण निघून जातं. दमा, तोंडाची जुनी सूज, आतड्याचा जुना दाह असलेली काही मांजरं शून्यावर येत नाहीत. आमच्या बोक्याची गाडी दिवसाआड पाव गोळीवर अडली. त्याखाली गेलो आणि सोयाबीनचं थ्रेशर सुरू झालं की मान लांब करून खोकायचा. मग डॉक्टरांनी लहान मुलांच्या मास्कवाल्या स्पेसरमधून (दम्याच्या पंपाला लावायच्या नळीतून) ओढायचं फ्लुटिकासोन, म्हणजे श्वासातून घ्यायचं स्टेरॉईड, सुरू केलं. ते नीट लागू पडायला एक-दोन आठवडे लागतात, तेवढे दिवस गोळी चालूच ठेवली आणि मग काढली. आता तो झोपला की त्याच्या कुशीकडे बघून मिनिटाचे श्वास मोजतो; तीसच्या वर सतत जायला लागले की डॉक्टरांना फोन करतो.