काचेतला समुद्र : दिवा नेमका कुणासाठी घेताय?

या खेपेला आलेल्या पत्रांत घरातल्या समुद्री टँकवरच्या दिव्यांचेच प्रश्न जास्त आहेत. उन्हाळा तोंडावर असताना ते यावेत हे एका परीने बरंच झालं. लातूरचं पत्र लांबलचक होतं, त्यातला कामाचा भाग तेवढा छापला आहे.

प्रश्न : ताई, लक्षद्वीपला जाऊन आल्यापासून घरी कोरल ठेवायचं डोक्यात बसलंय. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँक करून घेतला. झाडांच्या टँकवरचा 6500 केल्विनचा पांढरा एलईडी घरात पडून आहे, तो चालेल का? पुण्याचे दुकानदार 165 वॅटची ‘ब्लॅक बॉक्स’ ही एलईडीची पेटी घ्या म्हणतात. मुंबईतला मित्र मोबाइलवर चालणारा परदेशी दिवा घ्यायला सांगतो, तो कितीतरी महाग आहे. त्याचं म्हणणं, दगडी प्रवाळांतला अ‍ॅक्रोपोरा ठेवायचा तर स्वस्तात भागणार नाही. काय करू? — एक वाचक, लातूर

उत्तर : अ‍ॅक्रोपोरा ठेवायचा नाही. एवढं ठरवून टाका, दिव्याचा बराचसा खर्च तिथेच वाचतो.

हौसेवर पाणी ओतायला म्हणत नाही, कायदाच तसा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 साली सगळी दगडी प्रवाळं घातली गेली. त्यांच्याबरोबर काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅनसुद्धा. वाघ ज्या अनुसूचीत आहे तीच ही. परदेशातून आलेल्या दगडी प्रवाळालाही साईटिसची, म्हणजे धोक्यातल्या जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची, परवानगी लागते. ‘सगळेच ठेवतात हो’ म्हणणारा दुकानदार तुमच्या दारात वनखात्याची माणसं आली की फोन उचलत नाही. मालवणला फिरायला गेलात तर तिथूनही दगड उचलून आणू नका, तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. ‘लाइव्ह रॉक’ नावाने विकला जाणारा समुद्रातला दगड म्हणजे बहुतेक वेळा मेलेलं प्रवाळच असतं. त्यापेक्षा सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा तयार दगड घ्या, वर्षभरात तो ओळखू येत नाही.

मग उरतात ती मऊ मंडळी : मशरूम, झोअँथिड, लेदर कोरल. ही त्या यादीत नाहीत, पण घेताना पक्कं बिल आणि आयातीचे कागद मागाच. दिसायला ती काही कमी नाहीत, आणि उजेडाच्या बाबतीत तर फारच समंजस.

आता उजेडाचा हिशेब. मी नांदेडला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते, त्यामुळे थोडं फळ्यावरचं बोलणं होईल, सांभाळून घ्या. प्रवाळाच्या अंगात झूझँथेली नावाचं एकपेशीय शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं. म्हणजे आपण दिवा लावतो तो खरा या भाडेकरूसाठी. त्याला मिळणारा प्रकाश ‘पार’ या मापाने मोजतात : 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीचे प्रकाशकण, एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती मायक्रोमोल पडतात ते. तुमच्या गच्चीवर एप्रिलच्या भर दुपारी हा आकडा 2000 च्या घरात असतो. मशरूमला 50 पुष्कळ झाले. झोअँथिड आणि लेदर 80 ते 150 मध्ये मजेत राहतात. अ‍ॅक्रोपोराला 200 ते 350 लागतो, आणि तुमच्या मित्राचा महागडा दिवा त्यासाठी आहे. तुम्हाला त्याची गरज उरली नाही.

घरातल्या 6500 केल्विनच्या दिव्याचं म्हणाल तर त्यात मऊ प्रवाळ जगतं, पण खुलत नाही. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळीच चिप, वर पिवळ्या फॉस्फरचा लेप. त्यामुळे निळा भाग त्यात असतो, पण बाकीच्याच रंगांची गर्दी जास्त. समुद्रात लाल रंग वरच्या काही मीटरमध्येच पाण्यात जिरतो, निळा खोलवर जातो. झूझँथेलीची रंगद्रव्यं, म्हणजे क्लोरोफिल आणि पेरिडिनिन, मुख्यतः 400 ते 500 नॅनोमीटरच्या पट्ट्यावर काम करतात ती त्यामुळेच. म्हणून दिव्यात 450 चा रॉयल ब्लू भरपूर हवा, जोडीला 470 चा निळा आणि थोडा 420 च्या आसपासचा जांभळा. पांढरा आपल्या डोळ्यांसाठी, लाल आणि हिरवा नसला तरी चालतो. निळी एलईडी नव्हती तेव्हा हौशी लोक 250 वॅटचे मेटल हॅलाइड दिवे टांगायचे आणि वर पंखे लावून बसायचे. आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं नोबेल निळ्या एलईडीसाठी मिळालं, तेव्हा वर्गात मी अर्धा तास त्यावरच बोलले होते. पोरांना वाटलं, मॅडमना आज झालंय काय.

पुण्याच्या दुकानदाराचं सुचवणं वाईट नाही. मात्र पेटीवरच्या 165 वर जाऊ नका. आत 55 चिप, प्रत्येकी 3 वॅट, असा तो गुणाकार आहे. चिप पूर्ण ताकदीने चालवतच नाहीत, भिंतीतून तो दिवा साधारण 110 ते 120 वॅट ओढतो. इलेक्ट्रिकलच्या दुकानात प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर मिळतो, त्यावर खात्री करून घ्या. निळ्या आणि पांढऱ्यासाठी वेगवेगळे डिमर आहेत ना, हेही बघा. एकाच बटणावर दोन्ही चालत असतील तर घेऊ नका.

खरी अडचण लांबीची आहे. असा एक दिवा साधारण दोन फूट बाय दोन फूट जागा नीट उजळतो. तुमच्या तीन फुटांवर मधोमध टांगलात तर खाली झगझगाट आणि दोन्ही कडांना संध्याकाळ. मऊ प्रवाळांसाठी याचा फायदाही करून घेता येतो, मशरूम कडेला, लेदर मध्ये. पण मला विचाराल तर 50-60 वॅटचे दोन छोटे दिवे घ्या, लेन्स 90 ते 120 अंशांची, पाण्यापासून आठ-दहा इंच वर. एक बिघडला तरी दुसरा चालू राहतो. आपल्याकडे दिवा दुरुस्तीला मुंबईला पाठवला की तो कधी परत येईल ते पाठवणाऱ्याच्या नशिबावर असतं.

आणि आज काहीच घेऊ नका. टँकमध्ये जिवाणूंचं बस्तान बसायला महिना-दीड महिना जातो, तोवर दिव्याचं काम नाही. उलट शेवाळ माजेल.

वाचलेला पैसा कुठे घालायचा ते आता सांगते, कारण मराठवाड्यात प्रवाळ अंधारापेक्षा उन्हाळ्याने मरतं. टँकचं पाणी 25 ते 27 अंशांवर हवं. ते बरेच दिवस 30 च्या वर राहिलं की प्रवाळ आपल्या शैवालाला बाहेर काढतं आणि पांढरं पडतं. मेमध्ये लातूरला बाहेर 41-42, स्लॅबखालच्या खोलीत 36-37. अशा वेळी तेजस्वी दिवा दुहेरी मारक. तापलेल्या पाण्यात शैवालाची प्रकाश पचवायची ताकदच घटते, वरून आपण आणखी प्रकाश ओततो. म्हणून एप्रिल-मेमध्ये दिवा तिसऱ्या हिश्शाने मंद करा आणि तो सकाळी सहा ते दुपारी दोन असा चालवा, किंवा संध्याकाळी पाच ते रात्री एक. दुपारी दोन ते पाच ही खोली सर्वांत तापलेली वेळ, तेव्हा दिवा बंद. माशांना आणि प्रवाळाला तुमच्या घड्याळाशी देणंघेणं नाही, आठ तास मिळाले म्हणजे झालं. टायमर मात्र हवा, हाताने चालू-बंद कुणी नियमाने करत नाही.

आपल्या बाजूने एक गोष्ट आहे, कोरडी हवा. माठातलं पाणी गार होतं त्याच न्यायाने, पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारणारा छोटा पंखा टँकचं तापमान दोन ते चार अंशांनी खाली आणतो. एक लिटर पाणी वाफ होताना जवळपास 0.67 युनिट उष्णता घेऊन जातं. तुमचे दोन दिवे मिळून 110 वॅट, आठ तासांत 0.88 युनिट. म्हणजे सव्वा-दीड लिटर पाणी उडालं की दिवसभराच्या दिव्याची सगळी उष्णता गेली. त्याच खोलीत कूलर लावून खिडक्या बंद केल्यात तर हवा दमट होते आणि पंख्याचा हा गुण निम्म्यावर येतो. कूलर लावायचा तर समोरची खिडकी उघडी ठेवा. एवढं करूनही पाणी 29 च्या वर जात असेल तर चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, घ्या. महाग आहे, पण तो मोबाइलवाला दिवा घेतला नाही म्हणून परवडेल.

उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्यानेच घाला, मिठाच्या पाण्याने नाही. मीठ उडत नाही, ते मागे राहतं आणि खारटपणा वाढत जातो. पाण्याची घनता 1.025 च्या आसपास राहिली पाहिजे. बोअरचं पाणी टँकमध्ये थेंबभरही नको. ज्या लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तिथे बसून आरओचं वाया जाणारं पाणी गटारात सोडायचा सल्ला मी देणार नाही. पाइप बादलीत सोडा, फरशी आणि गाडी त्यावर निघते.

प्रवाळ आणाल त्या दिवशी दिवा वीस-पंचवीस टक्क्यांवर ठेवा आणि दर आठवड्याला पाच-पाच टक्के चढवा. झोअँथिडचे देठ लांब होऊन मान वर काढायला लागले तर उजेड कमी पडतोय. लेदर आणि मशरूम आक्रसून फिके पडले तर जास्त होतोय. आणि झोअँथिडला उघड्या हाताने हात लावू नका. काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. दगडावर वाढलेले झोअँथिड काढायला कुणी उकळतं पाणी ओतायला सांगितलं तर मुळीच ऐकू नका, ती वाफ फुफ्फुसात गेल्यावर माणसं दवाखान्यात दाखल झालेली आहेत.

प्रश्न : मॅडम, पार मीटर फारच महाग आहे. मोबाइलमधल्या लक्स अ‍ॅपवरून अंदाज काढता येतो का? 54 ने भागायचं असं कळलंय. — अभियांत्रिकीचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : 54 हा आकडा बरोबर आहे, पण सूर्यप्रकाशापुरता. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप, 555 नॅनोमीटरच्या हिरव्याला सर्वांत जास्त गुण देणारं. 450 च्या निळ्याला आपला डोळा चार टक्केसुद्धा किंमत देत नाही. गणित मांडून बघ : निव्वळ 450 नॅनोमीटरच्या प्रकाशात 1 मायक्रोमोलला जेमतेम 7 लक्स येतात. तू 700 लक्स वाचून 54 ने भागशील, तुला वाटेल 13 पार. प्रत्यक्षात तिथे 100 असेल. मग तू दिवा वाढवशील आणि प्रवाळ भाजेल. त्यात मोबाइलचा सेन्सर निळ्यात आणखी कसा वागतो ते कंपनीगणिक वेगळं.

अ‍ॅपचा एकच उपयोग सांगते. दिव्याची सेटिंग न बदलता टँकच्या वरून वेगवेगळ्या जागी वाचन घे आणि त्यांची आपसात तुलना कर. मधोमध 100 धरलं तर कोपऱ्यात किती टक्के, एवढं बऱ्यापैकी कळतं. खऱ्या आकड्यासाठी चार-पाच जणांनी मिळून एक मीटर घ्या आणि फिरवा. तो रोज लागत नाही, दिवा लावताना एकदा आणि मग वर्षाकाठी एकदा.

प्रश्न : निळ्या उजेडात झोअँथिड इतके चमकतात की घरचे म्हणतात रात्रभर तोच चालू ठेवा. पाहुण्यांनाही आवडतं. ठेवू का? — एक वाचक, जालना

उत्तर : नको. ती चमक प्रवाळातल्या प्रथिनांची आहे, ती निळा प्रकाश घेऊन हिरवा किंवा नारिंगी बाहेर टाकतात. पण निळा उजेड म्हणजे ‘नाइट लॅम्प’ नाही. शैवालाच्या हिशेबी तो भर दिवस आहे, पांढऱ्यापेक्षा जास्तच. माशांनाही झोपायला काळोख लागतो. पाहुणे यायच्या वेळेलाच दिवसाचा शेवटचा तास येईल असा टायमर लावा, तेव्हा पांढरा शून्यावर आणि निळा तीस टक्के. पाहुणे गेले की बंद.

प्रश्न : आमच्याकडे लाइट कधीही जाते, एकदा गेली की चार-पाच तास येत नाही. छोटा इन्व्हर्टर आहे. त्यावर टँकचा एलईडी घेऊ का? — एक गृहिणी, परभणी

उत्तर : एलईडी घेऊ नका. प्रवाळ एक-दोन दिवस अंधारात सहज काढतं, ढगाळ दिवस समुद्रावरही असतातच. इन्व्हर्टरवर आधी पाणी हलवणारा पंप घ्या, तो दहा-पंधरा वॅटच्या वर क्वचितच ओढतो. खारं आणि त्यातून गरम पाणी ऑक्सिजन कमी धरतं. पाणी थांबलं की आधी मासे गुदमरतात, मग बाकीचे. पंपानंतर जागा उरली तर वाऱ्याचा तो छोटा पंखा. चिलर इन्व्हर्टरवर चालणार नाही, तो नाद सोडा.

लाइट परत येते तेव्हा व्होल्टेजचा झटका बसतो, त्यात दिव्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारा भाग, जळतो. एलईडीला स्टॅबिलायझर लावा किंवा निदान लाइट आल्यावर दहा मिनिटांनी चालू होईल अशी सोय करा. मिठाचं पाणी आणि वीज शेजारी आहेत म्हणून अर्थिंग तपासून घ्या आणि त्या बोर्डाला 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबून मग वर जाईल अशी ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब सॉकेटमध्ये न जाता खालीच पडतो.