मांडी, पाट आणि देव्हारा

"सगळे म्हणतात ऑपरेशन उत्तम झालं. मग मला बरं का वाटत नाही?" समुपदेशनाला येणाऱ्या, गुडघा बदललेल्यांकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता दारातली चाल पाहूनच तो ओळखू येतो. 'आई उगाच कुरकुर करते' म्हणत मुलं त्यांना घेऊन येतात. पण जगभरच्या पाहण्यांतही साधारण पाचातला एक रुग्ण या ऑपरेशनवर पूर्ण समाधानी नसतो. सगळेच कसे कुरकुरे असतील?

या काकू अडुसष्ट वर्षांच्या (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). दोन्ही गुडघे बदलून चार महिने झालेले. काठी सुटली होती, जिना जमत होता. पण दर भेटीत तीच यादी: गुडघा गरम लागतो, व्रणाशेजारी बधिर आहे, आत टकटक वाजतं. मी त्यांना आधी सर्जनकडे पाठवलं. हे मी नेहमीच करते. ताप, व्रणातून स्राव, पोटरीला अचानक सूज हा काही माझा प्रांत नाही. सगळं ठीक निघालं. गरमपणा आणि सूज काही महिने राहते, वर्षभर सुधारणा होत राहते, बधिरपणा थोडा कायमही राहू शकतो, असं त्यांना सांगितलं गेलं.

"म्हणजे पैसे वायाच," काकू म्हणाल्या.

"गुडघे कशासाठी बदलून घेतले होते?"

"मांडी घालून बसता यावं म्हणून!"

हा प्रश्न त्यांना आधी कोणी विचारलाच नव्हता. डॉक्टर म्हणाले 'चालाल', काकूंनी ऐकलं 'पूर्वीसारखं'. नवा गुडघा बहुतेकांचा 110-120 अंश वाकतो. खुर्ची, जिना यांना तेवढं पुरतं. मांडीला जास्त वाकावं लागतं, शिवाय पीळ पडतो, म्हणून बहुतेक सर्जन ती टाळायलाच सांगतात. ऑपरेशन ठरवणाऱ्या प्रत्येक घराला मी म्हणते, सर्जनला 'दुखणं थांबेल का' एवढंच विचारू नका. 'मी जमिनीवर बसू शकेन का' हेही विचारा.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांना मानणारी. 'असंच झालं पाहिजे' हा हट्टच माणसाला जास्त त्रास देतो, असं ते म्हणत, त्यामुळे माझे कान 'च' वर असतात. "बसता आलंच पाहिजे, नाहीतर काय उपयोग," काकू म्हणाल्या. मी विचारलं, "मांडी घालून काय करायचं राहिलंय?"

त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "पूजा. आता मुलगा करतो. ऑफिसच्या घाईत दोन फुलं टाकतो. मी लांबून खुर्चीवरून बघते. चंदन लावायला हात पोचत नाही."

चार महिने आम्ही सगळे गुडघ्याशी बोलत होतो!

"देव्हारा उंचावर ठेवला तर?"

"आणि मी उभ्यानं पूजा करू?" त्यांना ते अगदीच गैर वाटलं. इथे समजवायला जीभ शिवशिवते. इतक्या वर्षांत मी एक शिकलेय, गप्प बसायला. अर्धा मिनिट गेला असेल.

"तसा विठोबा तरी कुठे बसलाय म्हणा," काकू म्हणाल्या आणि खुदकन हसल्या.

पंधरा दिवसांनी फोन आला. सुताराकडून कमरेच्या उंचीची फळी ठोकून घेतली होती. चंदन स्वतः उगाळतात, टेबलावर. पूजेला वीस मिनिटं लागतात. "नंतर गुडघे भरून येतात हो," त्या म्हणाल्या, "मग बर्फ लावून पाय वर घेऊन बसते. सूनबाई चहा आणून देते."

टकटकीचं मी विचारलं, तर म्हणाल्या, "वाजते की. घंटेच्या आवाजात ऐकू येत नाही."