‘मला माहिती नाही’ ऐकून राग का येतो?

प्रश्न असा आहे: ‘मला माहीत नाही’ बरोबर की ‘मला माहिती नाही’? त्याला एक शेपूटही आहे. दुसरं कानावर पडलं की तळपायाची आग मस्तकात जाते, असं का होतं?

पहिलं पटकन उरकतो. ‘माहीत’ विशेषण, ‘माहिती’ नाम. शंका आली तर त्या जागी ‘ठाऊक’ घालून पाहा. ‘मला त्याचा पत्ता ठाऊक नाही’ चालतं, म्हणजे तिथे ‘माहीत’ हवं. ‘तपशील’ बसत असेल तर ‘माहिती’: माहिती मागवली, माहितीचा अधिकार. ‘माहीत’मधला ‘ही’ दीर्घ आणि ‘माहिती’तला ‘हि’ ऱ्हस्व, हे १९६२च्या लेखननियमांना धरून. बोलताना मात्र ‘माहीत आहे’चं सर्रास ‘माहितीये’ होतं, आणि माझा अंदाज असा की ‘माहिती आहे’ त्यातूनच तोंडी बसलं असावं. त्यामुळे बोलण्यात मी कुणाला टोकत नाही. निदान तोंडावर तरी नाही.

आता राग. रागावल्यावर आपण नेमकं काय म्हणतो? ‘एवढंही माहीत नाही?’ खरी ठिणगी त्या ‘एवढंही’त असते. समोरच्याला किती यायला हवं याचं माप आपण आधीच काढून ठेवलेलं असतं. माझी आजी ‘मला ठावं न्हाई’ म्हणायची, ते कानाला गोड लागायचं. बातम्या देणारी बाई ‘मला माहिती नाही’ म्हणाली की मी टीव्हीशी भांडतो. आजीसाठी माप नव्हतंच. बाईंचं तर ते पोटापाण्याचं काम!

शब्दांनीही हेच माप धरलंय. ‘अजाण’, ‘नेणता’ हे लेकराबाळांना लावायचे, भांडणात कुणी कुणाला ‘अजाण आहेस’ म्हणत नाही. ‘अडाणी’ची गंमत वेगळी. ‘आम्ही अडाणी माणसं’ असं स्वतःबद्दल म्हटलं तर नम्रता, तोच शब्द दुसऱ्याला लावला की हातघाई. संतांच्या अभंगांत ‘नेणे’, म्हणजे ‘जाणत नाही’, हे क्रियापद पावलोपावली भेटतं, आणि पुष्कळदा बोलणारा ते स्वतःबद्दलच वापरतो. ते बोलण्यात टिकलं असतं तर माहीत-माहितीचा हा तंटाच मिटला असता.

परवा मी असाच टीव्हीवर खेकसलो, तर बायको म्हणाली, ‘तुला कुणी सांगितलं होतं?’ मग आठवलं. नववीपर्यंत मीही ‘माहिती नाही’च लिहायचो. मराठीच्या बाईंनी निबंधात त्या शब्दाभोवती तांबड्या शाईनं गोल केला आणि समासात नुसतं ‘माहीत’ लिहिलं. ओरडल्या नाहीत. गुणही कापले नव्हते.