"अंगात हाय पण लावत नाही": तालमीतल्या पोराची गोष्ट

समुपदेशक म्हणून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पालक दारातून आत आले की कळतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठूनही येऊ देत, पोर तालमीत असो नाहीतर कबड्डीत, तक्रार तीच. "मॅडम, ताकद हाय, मुद्दाम लावत नाही." म्हणून एक केस लिहिते, ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत.

पोरगा दहा वर्षांचा, वडील एकेकाळचे मैदानी पैलवान, आता ऊस बघतात. पहिल्याच दिवशी म्हणाले, "दिवसभर गल्लीत क्रिकेट खेळतोय, बांधावरनं पळतोय, जरा बसला की परत पळायला तयार. आणि कुस्तीच्या हौद्यात, लाल मातीत उतरला की हात ढिले. म्हणजे नाटकच करायलाय की नाही, तुम्हीच सांगा." पोरगा खाली बघून बसलेला. त्याला वेगळं विचारलं तर बराच वेळ गप्प, मग म्हणाला, "मी सगळं लावतोय. पप्पांना वाटतंय ठेवून घेतोय."

मला हे वाक्य फार लागलं. मी मानसशास्त्रज्ञ ॲडलरच्या विचारांची, मूल आळशी दिसलं की आधी बघते ते कुठं खचलंय. पण इथं नुसत्या मनाच्या गोष्टी बोलून वडिलांना पटलं नसतं, त्यांना अंगाचीच भाषा कळते.

पुढच्या वेळी वडिलांना चप्पल काढायला लावली आणि म्हटलं, पायाची करंगळी एकटीच बाहेरच्या बाजूला सरकवून दाखवा, बाकीची बोटं हलवायची नाहीत. केवढी धडपड केली त्यांनी, दात आवळले, अख्खा पंजा वाकडा झाला पण करंगळी काय सरकेना. "पूर्ण ताकद लावा की," मी म्हटलं. "लावायलोय ओ मॅडम, पण जाईना तिकडं!" पोरगा एकदम वर बघायला लागला. वडिलांनी त्याच्याकडं बघितलं आणि मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. मीही बोलले नाही, अशा वेळी समुपदेशकानं गप्प राहायचं असतं, हे मला शिकायला बरीच वर्षं लागली.

मग समजावलं. स्नायूत धाग्यांचे गट असतात, मेंदू नसेमार्फत एकेक गट जागा करतो, आधी लहान आणि न दमणारे, जोर वाढेल तसे मोठे, झटक्यात ताकद देणारे पण लवकर दमणारे. लहान मुलं पूर्ण जोर लावतात तेव्हाही हे शेवटचे गट मोठ्या माणसाइतके जागे होत नाहीत, असं काही संशोधक मानतात. संशोधक माणसाला पूर्ण जोर लावायला सांगतात आणि त्याच वेळी नसेला विजेचा झटका देतात, तेव्हा बऱ्याच प्रयोगांत मुलांच्या स्नायूतून अजून ताकद निघते, मोठ्यांच्यात कमी. म्हणजे ताकद स्नायूत असते, पोराच्या हुकमात नसते. वडिलांना म्हटलं, विहिरीवर थ्री फेज आली नाही तर मोटार उचलत नाही, घरातला बल्ब मात्र लागतो, मग मोटारीला शिव्या देता का? ते पटकन "नाही" म्हणाले.

आणि मला त्या दिवशी जे उमगलं त्याचा अजून आनंद आहे. वडिलांची "दमत नाही" आणि "जोर नाही" ही तक्रार दोन नव्हती, एकच होती! लवकर दमणारे गट कमी वापरले जातात, हे एक मोठं कारण धरलं तर त्यामुळंच पोरगा दिवसभर पळतो, जरा थांबला की परत ताजा होतो, आणि त्याच कारणानं हौद्यात झटका कमी पडतो. ज्याला ते नाटकाचा पुरावा म्हणत होते तो त्याच्या प्रामाणिकपणाचा पुरावा निघाला. कॅनडाच्या ब्रॉक युनिव्हर्सिटीतले डोटान आणि फाल्क या संशोधकांची मांडणी साधारण हीच आहे.

आता तुम्हा पालकांसाठी. "अजून लाव, अजून लाव" ओरडणं बंद करा, त्यानं पोर खचतं. जोर-बैठका, दोर, डावांचा सराव नीट वस्तादाच्या नजरेखाली चालू द्या, त्यानं उंची खुंटते ही भीती सोडा. ताकद वाढतेच, पण वयात येण्याआधी ती जास्त करून मेंदू-नसांचं वळण सुधारून वाढते, दंड फुगत नाहीत, त्यामुळं टेप घेऊन दंड मोजू नका आणि खुराकाला नावं ठेवू नका. चौदा वर्षांच्या चुलतभावाशी तुलना तर नकोच, तो वयात आलाय, हा अजून यायचाय. मात्र पोर सारखं पडत असेल, जमिनीवरनं उठताना मांडीवर हात टेकत असेल, एकच बाजू कमजोर वाटत असेल, आधी जमत होतं ते जमेनासं झालं असेल, तर माझ्याकडं नको, आधी डॉक्टरकडं जा.

दोन महिन्यांनी दोघं आले. पोरगा आपणहून बोलायला लागला, ढाक हा डाव कसा बसला ते हात करून दाखवत होता. मी वडिलांना विचारलं, तालमीत काय म्हणतात लोक? तर पोरगाच म्हणाला, "आता कोण मला ढिला म्हटलं की पप्पा त्याला करंगळी हलवायला लावतात."