सेशन उघडलं, पण बंद कोण करणार?

प्रश्न: पाईपमधल्या प्रवाहाचं सिम्युलेशन करतोय, इनलेटचे (प्रवाह आत येतो त्या तोंडाचे) १२ वेगवेगळे वेग तपासायचेत. पायफ्लुएंट (फ्लुएंट हे प्रवाहाच्या सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर पायथनमधून चालवणारी लायब्ररी) वापरून पायथनच्या लूपमध्ये दर वेळी फ्लुएंट सुरू करतो. पहिला रन नीट होतो, दुसऱ्याला लायसन्स नाही म्हणून अडतं. लायसन्स एकच आहे, पण पहिलं काम तर संपलेलं असतं ना?

उत्तर: काम संपलं, सेशन संपलेलं नाही! तुमच्या लूपमध्ये ‘सॉल्व्हर = लॉन्च फ्लुएंट’ अशी ओळ असणार. पायथन आधी बरोबरच्या चिन्हाच्या उजवीकडचं काम पूर्ण करतो आणि मग ते नाव नव्या सेशनला देतो, म्हणजे दुसरं फ्लुएंट उघडायला निघतं तेव्हा पहिलं अजून त्याच नावाला धरून जिवंत असतं, लायसन्स घेऊन बसलेलं. नोटबुकमध्ये तर हे हमखास होतं, कारण कर्नल, म्हणजे मागे पायथन चालवणारा प्रोग्रॅम, चालू आहे तोवर सेशनही चालूच राहतं.

त्यामुळे काम झालं की आधी केस (मांडणी) आणि डेटा (रिझल्ट) सेव्ह करा आणि मग स्वतःच्या हाताने एक्झिट बोलवा. सेव्हची ओळ विसरलात तर एक्झिटबरोबर रिझल्ट गेलाच म्हणून समजा. एक्झिट ‘फायनली’मध्ये ठेवा किंवा सगळं ‘विथ’च्या ब्लॉकमध्ये लिहा, म्हणजे मधे एरर आली तरी सेशन बंद होईल.

पण खरं सांगू का, तुमच्या कामाला १२ वेळा फ्लुएंट उघडायची गरजच नाही. भूमिती तीच, मेश (गणितासाठी भूमितीचे केलेले बारीक तुकडे) तोच, बदलतोय फक्त वेग. एकदाच उघडा, मेश एकदाच वाचा, मग लूपमध्ये वेग बदला, परत इनिशियलाइज करा (सुरुवातीच्या किमती भरा), इटरेशन (गणिताच्या फेऱ्या) चालवा आणि फाईलच्या नावात वेगाचा आकडा घालून सेव्ह करा, नाहीतर शेवटी एकाच वेगाचा रिझल्ट हातात राहील. सिंगल की डबल प्रिसिजन, २डी की ३डी, किती कोअर, हे सुरू करतानाच ठरतं, त्यातलं काही बदलायचं असेल तेव्हाच नवीन सेशन घ्या. यात तुमचा कितीतरी वेळ वाचेल, मी मनापासून सांगतेय.

प्रश्न: विंडोजवर चालणारी स्क्रिप्ट लिनक्सवर ‘फ्लुएंट सापडत नाही’ म्हणते. इन्स्टॉल तर आहे.

उत्तर: पायफ्लुएंट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टीममध्ये नाव देऊन ठेवलेली किंमत) बघून फ्लुएंट शोधतं. विंडोजवर ते इन्स्टॉलर टाकून देतो, लिनक्सवर आपल्याला टाकावं लागतं. नाव एडब्ल्यूपी_रूट आणि त्याला चिकटून व्हर्जनचा आकडा, २०२३ आर१ असेल तर २३१. त्यात इन्स्टॉलेशनच्या फोल्डरचा पूर्ण पाथ द्या. व्हर्जन २०२२ आर२ च्या आधीचं असेल तर पायफ्लुएंट चालणारच नाही, तिथे जुनी जर्नल फाईलच (फ्लुएंटच्या आज्ञा ओळीने लिहिलेली फाईल) बरी. आणि फ्लुएंट सापडतंय पण मशीन हळू असल्यामुळे मधेच टाइमआउट होतोय, असं असेल तर सुरू होण्यासाठी थांबायची मर्यादा ठरलेली असते, नेटवर्कवरचं इन्स्टॉलेशन असेल तरीही असं होतं, तेव्हा स्टार्ट टाइमआउट वाढवून बघा.

प्रश्न: फ्लुएंटची खिडकी उघडून अर्धं काम हाताने केलंय. आता पुढचं स्क्रिप्टने करता येईल का, की पुन्हा पहिल्यापासून?

उत्तर: येईल की! चालू फ्लुएंटमध्ये सर्व्हर सुरू करा, एक सर्व्हर इन्फो फाईल तयार होते, त्यात पत्ता, पोर्ट आणि पासवर्ड असतो. लॉन्चऐवजी कनेक्ट वापरा आणि ती फाईल द्या. असं जोडलेलं सेशन स्क्रिप्ट संपली तरी आपोआप बंद होत नाही, तुमची खिडकी जशीच्या तशी राहते. फक्त स्क्रिप्टच्या शेवटी सवयीने एक्झिट लिहिलं असेल तर ते आधी काढा.