घाटात गाडी बंद पडली, म्हणून आंब्याचं सगळं नुकसान तुमच्या माथी?

प्रश्न : माझा एकच ट्रक आहे. मीच चालवतो, सोबत एक क्लीनर. मे महिन्यात मालवण, आचरा, देवगड अशी किनाऱ्यानं गाडी फिरवून एका व्यापाऱ्यासाठी हापूसच्या पेट्या भरल्या. कोल्हापूरला येताना फोंडा घाटात गिअरबॉक्स जाम झाला. दोन आठवड्यांपूर्वीच इथल्या एका गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट बदलली होती. कणकवलीच्या मेकॅनिकनं उघडून पाहिलं, तर ऑईल सील नीट बसवलेलं नव्हतं, सगळं ऑईल गळून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी पदरच्या पैशानं दुसरी गाडी करून माल मार्केट यार्डात पोचवला. आंबा खराब झाला, भाव पडला असं म्हणत व्यापाऱ्यानं भाडं अडवलंय आणि नुकसान कबूल असल्याची सही स्टॅम्पपेपरवर मागतोय. गॅरेजवाला फोन उचलत नाही. काय करू?

उत्तर : सही करू नका. यार्डातली ओळख, पुढच्या हंगामाचं काम, चार माणसांचा आग्रह हे सगळं मी समजू शकतो. पण एकदा लेखी कबुली दिलीत की पुढचं सगळं भांडण त्या कागदाशीच करावं लागेल.

व्यापाऱ्याचा दावा कितपत टिकेल, हे तुम्ही माल कोणत्या नात्यानं नेला यावर ठरतं. येईल त्याचा माल भाड्यानं नेण्याचा तुमचा धंदा असेल, तर २००७ चा कॅरेज बाय रोड कायदा लागतो, आणि तो कडक आहे. मालाचं नुकसान झालं की वाहतूकदाराची हयगय व्यापाऱ्याला सिद्ध करावी लागत नाही. मात्र दावा लावण्याआधी, माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत, त्यानं तुम्हाला लेखी नोटीस द्यायला हवी. यार्डात चारचौघांत बोलला, ती नोटीस नव्हे. पण ठरलेल्या व्यापाऱ्याचाच माल करारानं नेत असाल, तर कराराच्या कायद्याची कलमं १५१ आणि १५२ बघायची. शहाणा माणूस स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी तुम्ही घेतली असेल, तर वेगळा करार नसताना नुकसान तुमच्यावर येत नाही. तुमच्या पत्रावरून मला ही दुसरी बाजू जास्त जवळची वाटते. बिल्टी, म्हणजे माल भरल्याची वाहतूक पावती, फाडली होती का आणि तिच्यावर काय लिहिलंय, ते आधी तपासा.

काळजी घेतल्याचा पुरावा तुमच्याकडे आहे. क्लचचं काम करून घेतल्याचं बिल आहे, आणि दुसऱ्या गाडीचं भाडं भरल्याची पावती आहे. आता एक अवघड प्रश्न विचारतो. घाटाच्या आधी गिअरमधून आवाज येत होता का? गाडीखाली ऑईल ठिबकताना दिसलं होतं का? दिसूनही गाडी तशीच दामटली असेल, तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. समोरचा वकील नेमकं तेच विचारणार.

शिवाय नुकसान किती, हे व्यापाऱ्याच्या तोंडावर ठरत नाही. अडत्याची पट्टी, म्हणजे माल काय भावानं विकला त्याचा हिशेब, मागा. त्या दिवशी यार्डात हापूसला काय भाव होता आणि या मालाला काय मिळाला, ते तिच्याशी ताडून बघा. झाडावरून कच्चा उतरवलेला, पेंढ्यात भरलेला आंबा एका दिवसाच्या उशिरानं सगळाच्या सगळा वाया गेला, हे मला सहज पटत नाही. माल घेतल्याच्या पोहोचेवर त्या वेळी खराबीचा शेरा नसेल तर तेही तुमच्या बाजूचं. भाड्यासाठी लेखी मागणी आजच करा. दाव्याला ३ वर्षं असली तरी थांबण्यात काही फायदा नाही.

खरी तक्रार गॅरेजविरुद्ध आहे. ‘ट्रक म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहक नाही’ असं ते म्हणतील. त्याला उत्तर आहे. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेऊन स्वतः वापरलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूची धरली जात नाही, आणि तिच्या दुरुस्तीच्या सेवेलाही तोच न्याय लागावा असं म्हणता येतं. सर्वोच्च न्यायालयानं लक्ष्मी इंजिनीअरिंग वर्क्सच्या १९९५ च्या निकालात स्वतः ट्रक चालवणाऱ्याचंच उदाहरण दिलंय, आणि मदतीला एक-दोन माणसं असली तरी ग्राहकपण जात नाही असंही म्हटलंय. मात्र तुमची दुसरी गाडी पगारी ड्रायव्हर चालवत असता, तर मी इतक्या ठामपणे बोललो नसतो. तक्रार कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येईल. मुदत २ वर्षं. गॅरेजला दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही. दुरुस्तीचा खर्च, दुसऱ्या गाडीचं भाडं आणि गाडी उभी राहिल्यानं बुडालेली कमाई मागा. व्यापाऱ्याला काही द्यावंच लागलं तर तेही जोडा.

विम्याकडून आशा ठेवू नका. गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो.

सगळ्यात घाई आहे ती भागांची. जुनं सील आणि जळालेले गिअर भंगारात गेले, तर गॅरेजवर बोट ठेवायला काही उरणार नाही. कणकवलीच्या मेकॅनिककडून ते ताब्यात घ्या आणि त्यानं काय पाहिलं ते तारीख घालून, सहीनिशी लिहून घ्या. या भागांचे फोटो काढले असतील तर ज्या फोनमध्ये काढलेत तो फोन विकू नका, त्यातले फोटो पुसू नका. मगच गॅरेजला स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा, उत्तराला १५ दिवस द्या, आणि भाग तुमच्याकडे आहेत, येऊन तपासावेत, असं तिच्यात स्पष्ट लिहा.